पोषणशास्त्र संस्थेचं सभासदत्व, अधिवेशनाचा गोषवारा आणि कागदपत्रं: पुण्यातून अर्ज करणाऱ्यांसाठी

१ ते ७ सप्टेंबर हा राष्ट्रीय पोषण सप्ताह. शिवाय २०१८पासून साधारण सप्टेंबरातच पोषण माह साजरा होतो. पुण्यातल्या गृहविज्ञान महाविद्यालयांत, रुग्णालयांच्या आहार विभागांत या दिवसांत पाककृती स्पर्धा, भित्तीपत्रकं, व्याख्यानं यांची झुंबड असते. त्याच गडबडीत कधीतरी वार्षिक अधिवेशनाची सूचना ग्रुपवर पडते, शेवटची तारीख जवळ असते आणि मग धावपळ सुरू होते. ऑनलाइन फॉर्म भरायला फार तर अर्धा तास जातो. वेळ खातात ते फॉर्मला जोडायचे कागद, आणि त्यांतही एक कागद असा आहे की तो मागाहून मिळतच नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर आहे.

आधी कोणती संस्था ते ठरवा

‘न्यूट्रिशन सोसायटी ऑफ इंडिया’ १९६७ साली स्थापन झाली. तिचं कार्यालय हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत आहे. ही मुळात संशोधकांची संस्था. आहारशास्त्रज्ञ, जीवरसायनशास्त्रज्ञ, डॉक्टर, अन्नतंत्रज्ञ, सामाजिक आरोग्यात काम करणारे असे सगळे तिथे भेटतात. ‘इंडियन डायटेटिक असोसिएशन’ ही आहारतज्ज्ञांची व्यावसायिक संघटना. तिची पुण्यात शाखा आहे, आणि ‘रजिस्टर्ड डायटिशियन’ म्हणजे आर.डी. ही परीक्षा तिच्यामार्फत होते. रुग्णालयात किंवा स्वतःच्या क्लिनिकमध्ये काम करायचं असेल तर आधी दुसरीकडे वळा. प्रबंध, पेपर, पोस्टर यांत रस असेल तर पहिली. दोन्हीकडे सभासद असलेले लोक भरपूर आहेत, त्यात काही अडचण नाही.

एक गैरसमज मात्र दूर केलेला बरा. संस्थेचं सभासदत्व म्हणजे व्यवसायाचा परवाना नव्हे. आरोग्यसेवेतल्या सहयोगी व्यवसायांसाठी २०२१ साली राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि त्याच्या अनुसूचीत डायटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट यांचा स्वतंत्र गट आहे. त्या कायद्याखालची राज्य परिषदेची नोंदणी वेगळी, आर.डी. वेगळं आणि सोसायटीचं आजीव सभासदत्व वेगळं. पाटीवर नावापुढे आजीव सभासद क्रमांक लिहिणारे दिसतात. तो लिहायला कुणाची हरकत नसते, पण त्याने कायदेशीर अधिकार काही मिळत नाही.

पात्रता

अशा संस्थांमध्ये साधारण तीन प्रकार असतात: विद्यार्थी, वार्षिक आणि आजीव. पोषण, आहारशास्त्र किंवा गृहविज्ञान यांतली पदव्युत्तर पदवी असेल तर प्रश्नच नाही. जीवरसायनशास्त्र, वैद्यक, अन्नतंत्रज्ञान, गृहविज्ञानाची दुसरी शाखा, अशा पार्श्वभूमीच्या लोकांनी पोषण विषयात काय काम केलं आहे ते एका परिच्छेदात लिहून जोडावं. कार्यकारिणीला निर्णय घेणं सोपं जातं. तीन महिन्यांच्या ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्सवर पूर्ण सभासदत्वाची अपेक्षा धरू नका. जिम ट्रेनर मंडळींकडून हा प्रश्न हल्ली फार येतो म्हणून स्पष्ट लिहिलं.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असाल तर विद्यार्थी सभासदत्व घ्यावं की निकाल लागेपर्यंत थांबून थेट आजीव घ्यावं? माझं मत: त्या वर्षी पोस्टर मांडायचं असेल तर विद्यार्थी म्हणून लगेच घ्या. पुष्कळदा गोषवारा (म्हणजे अधिवेशनात मांडायच्या कामाचा सारांश, अ‍ॅबस्ट्रॅक्ट) सादर करणाऱ्याने सभासद असावं अशी अट असते, आणि नोंदणी शुल्कातली सवलतही सभासदांनाच मिळते. मांडायचं काही नसेल तर थांबायला हरकत नाही. दरपत्रक त्या-त्या वर्षीचंच बघा, मैत्रिणीने पाठवलेला जुना फॉर्म भरू नका.

कागदपत्रं, म्हणजे मुख्यतः नावाची भानगड

पदवी प्रमाणपत्र किंवा पदवीदान व्हायचं असेल तर प्रोव्हिजनल, शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका, ओळखपत्र, पासपोर्ट आकाराचा फोटो. विद्यार्थ्यांना यांशिवाय महाविद्यालयाचं बोनाफाइड लागतं आणि ते चालू शैक्षणिक वर्षाचंच हवं. आधारची प्रत द्यायची तर पहिले आठ अंक झाकलेली द्या. इथवर कुणाचं अडत नाही.

अडतं ते नावावर. आपल्याकडे बोर्डाच्या आणि विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, शिवाय आईचं नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर क्रम उलटा. बँकेत कधी नुसती आद्याक्षरं. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर पदवी माहेरच्या नावाची, पॅन सासरच्या, आणि पैसे पाठवले नवऱ्याच्या खात्यातून. हैदराबादला किंवा दिल्लीला बसलेल्या माणसाने ही एकच व्यक्ती आहे हे ओळखायचं कसं? विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जोडली की बहुतेक वेळा भागतं. लग्नाशिवाय नाव बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची प्रसिद्धी जोडावी. तिचा अर्ज शासकीय मुद्रण संचालनालयाकडे ऑनलाइन करता येतो.

सभासदत्वाच्या फॉर्मवर जे नाव लिहाल तेच पुढे गोषवाऱ्यावर, प्रमाणपत्रावर आणि शोधनिबंधावर येईल. म्हणून ज्या नावाने निबंध छापायचे आहेत ते एकदाच ठरवा आणि नंतर बदलू नका.

फॉर्मवर सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्या मागितल्या असतील तर दोघंही चालू सभासद असायला हवेत. ‘सर सभासद आहेत’ एवढ्यावर भागत नाही, त्यांचा सभासद क्रमांक लागतो, आणि सरांना तो पाठ नसतो! सहीला जाण्याआधी मेसेज करून शोधून ठेवायला सांगा. शुल्क एनईएफटीने भरलं तर यूटीआर म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. ‘पेमेंट सक्सेसफुल’ एवढंच हिरव्या अक्षरांत दिसणारा स्क्रीनशॉट हिशेबनिसाच्या कामाचा नसतो.

नीतिमत्ता समितीचं पत्र

हाच तो मागाहून न मिळणारा कागद.

समजा, कर्वे रस्त्यावरच्या एखाद्या वसतिगृहातल्या ६० मुलींचं हिमोग्लोबिन तपासून त्यांच्या आहाराशी संबंध पाहायचा आहे. माणसांवरचं संशोधन आहे, म्हणजे संस्थात्मक नीतिमत्ता समितीची पूर्वपरवानगी हवी. यातला ‘पूर्व’ महत्त्वाचा. माहिती गोळा झाल्यावर मागच्या तारखेने मंजुरी देता येत नाही, आणि गोषवाऱ्याच्या फॉर्मवर समितीचा मंजुरी क्रमांक नि तारीख विचारली की तिथेच गाडी थांबते. ‘नुसती प्रश्नावली होती, सुई टोचली नाही’ ही सबब चालत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत पुनरावलोकनाचे तीन मार्ग आहेत: सूट, जलद आणि पूर्ण समितीसमोर. नगण्य जोखमीच्या कामाला सूट मिळू शकते. पण सूट आहे की नाही हे ठरवायचा अधिकार समितीचा, तुमचा किंवा तुमच्या गाइडचा नाही. म्हणजे सूट हवी तरी अर्ज करावाच लागतो.

समिती असते ७ ते १५ जणांची, अध्यक्ष संस्थेबाहेरचा आणि गणपूर्तीला किमान पाच जण. एवढ्या लोकांच्या तारखा जुळायला वेळ लागतो हे गृहीत धरा. बऱ्याच ठिकाणी बैठक महिन्यातून एकदाच, काही ठिकाणी तिमाहीला. ‘दुरुस्त्या करून पुन्हा सादर करा’ असा शेरा आला तर पुढच्या बैठकीपर्यंत थांबणं आलं. स्वतःच्या महाविद्यालयात समिती नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे जाता येतं, त्यासाठी दोन संस्थांमध्ये लेखी करार लागतो. ती समिती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे का, हेही विचारा. २०१९च्या नियमांनी ती नोंदणी बंधनकारक केली आहे.

समितीकडे द्यायच्या संचात संशोधन आराखडा, प्रश्नावली, संशोधकाचा आणि गाइडचा परिचय, जिथे माहिती गोळा करणार त्या ठिकाणाचं परवानगीपत्र, आणि सहभागींसाठी माहितीपत्रक व संमतीपत्र असतं. यातलं संमतीपत्र लोक सगळ्यात निष्काळजीपणे करतात. इंग्रजी मसुदा मशीनमधून काढलेल्या मराठीत ‘आपणांस अध्ययनात सहभागी होण्यासाठी निमंत्रित करण्यात येत आहे’ असं काहीतरी येतं आणि वाड्या-वस्तीवरची बाई ते वाचून गप्प बसते. त्यापेक्षा सरळ लिहा: ‘तुमच्या बोटाला सुई टोचून दोन थेंब रक्त घेऊ. थोडं दुखेल. नको असेल तर नाही म्हणा, तुमच्या उपचारांवर काही परिणाम होणार नाही.’ समितीत एक सर्वसामान्य नागरिकही सदस्य असतो. त्याला कळलं की झालं.

मुलांवर अभ्यास असेल तर पालकांच्या संमतीबरोबरच मुलाचीही सहमती लागते: ७ ते १२ वर्षांपर्यंत तोंडी, १२ ते १८ लेखी. वसतिगृहात १७ वर्षांच्या मुली असतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही आणि मग पालकांच्या सह्यांसाठी लातूर-नांदेडला फोन करत बसावं लागतं. नमुना १८ पूर्ण केलेल्यांचाच घेतला तर हा सगळा व्याप वाचतो.

अभ्यासात काही खायला देणार असाल, समजा रोज एक नाचणीचा लाडू देऊन तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन पाहणार, तर ती हस्तक्षेप चाचणी झाली. तिची सीटीआरआय म्हणजे भारतीय चाचणी नोंदवहीत नोंद करा. नोंदणीला पैसे पडत नाहीत, पण १ एप्रिल २०१८पासून पहिला सहभागी घेण्याआधीच ती करावी लागते. लाडू आहे, औषध नाही, या युक्तिवादाने काही फरक पडत नाही.

गोषवारा लिहिताना

शब्दमर्यादा पाळा, निष्कर्षात आकडे द्या, ‘निकालांवर चर्चा केली जाईल’ हे वाक्य लिहू नका. आहाराचं विश्लेषण कोणत्या तक्त्यांवरून केलं ते सांगा. २०१७चे भारतीय अन्नघटक तक्ते उपलब्ध असताना (त्यांत ५२८ खाद्यपदार्थ आहेत) अजून जुन्या पुस्तकावरून आकडे काढणारे आहेत. पोषक घटक रोज किती हवेत याच्या शिफारशीसुद्धा आयसीएमआरच्या २०२०च्या वापरा. गटाचं सेवन पुरेसं आहे का हे पाहताना शिफारस केलेल्या प्रमाणाशी (आरडीए) तुलना न करता सरासरी गरजेशी (ईएआर) करायची असते. परीक्षक हमखास इथे पकडतात.

पुण्यातल्या आहार नोंदींचा एक खास घोळ आहे. चोवीस तासांची आठवण, म्हणजे काल दिवसभरात काय काय खाल्लं ते, विचारायला तुम्ही गेलात आणि आदला दिवस संकष्टीचा किंवा एकादशीचा निघाला, तर कागदावर साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, बटाटा आणि रताळं. पोषण माह म्हणून सप्टेंबरात माहिती घेतलीत तर बहुतेक वर्षी गणपती येतात आणि मोदक सगळी सरासरी बिघडवतात. उपासाचा दिवस टाळा असं मी म्हणत नाही. आठवड्यातून दोन उपास करणाऱ्या बाईचा तो नेहमीचाच आहार आहे. पण उपास होता की नाही याचा रकाना प्रश्नावलीत हवा, आणि वाटी कोणत्या मापाची, भाकरी केवढी, तेही.

साध्या प्रश्नांना कमी लेखू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांत नव्वदच्या दशकात गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास सुरू केला, त्यात बाळाच्या जन्माच्या वेळच्या आकाराचा संबंध एकूण उष्मांक किंवा प्रथिनांशी दिसला नाही. पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाण्यापिण्यात येतात, याच्याशी तो दिसला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५, तरी आपल्या बाळांच्या अंगावर चरबी त्या मानाने टिकून होती. ‘बारीक पण स्थूल’ बाळाची जगभर झालेली चर्चा इथून सुरू झाली.

तरुण संशोधक पुरस्कारासाठी अर्ज असेल तर वयाचा पुरावा (दहावीचं प्रमाणपत्र चालतं), हे काम आधी कुठे सादर किंवा प्रसिद्ध झालेलं नाही असं निवेदन, आणि कामातला तुमचा वाटा किती याबद्दल गाइडचं पत्र जोडा. शेवटचं पत्र गाइडच्या लेटरहेडवर हवं. ते तुम्हीच मसुदा करून द्यायचं असतं, हे कुणी सांगत नाही.

शाखेचे कार्यक्रम

सभासद झाल्यावर पोषण सप्ताहात, १० जानेवारीच्या आहारशास्त्र दिनाला कार्यक्रम करायला बोलावणं येतं. अंगणवाडीत जायचं असेल तर सेविकेशी ओळख आहे म्हणून परस्पर जाऊ नका. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना तारीख, वेळ, काय करणार आणि काय खायला देणार हे लिहून पत्र द्या आणि पोच घ्या. शाळेत मुख्याध्यापकांचं पत्र. मुलांचे फोटो टाकायचे तर पालकांची परवानगी. आणि कार्यक्रमात घेतलेली वजनं-उंच्या नंतर ‘डेटा’ म्हणून गोषवाऱ्यात घालायचा मोह होतो, तो आवरा. संशोधन म्हणून मंजुरी नव्हती, तर ते आकडे शिबिरापुरतेच.

नोकरी करणाऱ्यांनी अधिवेशनासाठी कर्तव्य रजेचा अर्ज गोषवारा स्वीकृतीच्या ईमेलसह द्यावा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, त्यामुळे स्वीकृती येईपर्यंत थांबलं तरी बिघडत नाही. परतल्यावर उपस्थितीचं प्रमाणपत्र आस्थापना विभागात जमा करायचं असतं, म्हणून समारोपाआधी निघू नका. प्रमाणपत्रं बहुधा शेवटच्याच दिवशी वाटतात.

विद्यार्थ्यांनी फॉर्मवर महाविद्यालयाचा ईमेल देऊ नये. पास झाल्यावर तो बंद होतो आणि पुढच्या अधिवेशनाची सूचना, सभासद क्रमांक, मतपत्रिका सगळं त्या बंद पेटीत जातं. स्वतःचा जीमेल द्या.