‘बिनभेसळ रक्ता’चा मेसेज

“किनवट-माहूरचे गोंड, कोलाम, आंध तेवढे मूळचे, त्यांच्या रक्तात भेसळ नाही, बाकी सगळे बाहेरचे,” हा नांदेड जिल्ह्यातल्या या आदिवासी जमातींबद्दलचा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यामागचा आदर मला पटतो, विधान नाही.

आईकडून लेकरांत उतरणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए बघा. त्यातला ‘एम’ हा फार जुना गट भारतातल्या आदिवासींत आहे, तसाच बिगर-आदिवासींतही भरपूर आहे. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून निघून इथं पोचलेल्या पहिल्या माणसांचा वारसा दोघांकडं आहे. पुढं इराणकडच्या प्राचीन लोकांशी नातं असलेला वारसाही दोघांत मिसळला. प्रमाण तेवढं कमीजास्त.

पडताळायचंय? लोकसमूहांच्या डीएनएचा कोणताही अभ्यास उघडा. तिथं टक्केवारी असते, ‘शुद्ध’ असा रकाना नसतो. आणि एकाच माणसाच्या चाचणीवरून अख्ख्या जमातीचा इतिहास ठरवू नका.