व्यवसायसंधीचे ऑनलाइन मूल्यमापन

नवा धंदा सुरू करण्यापूर्वी त्याला गिऱ्हाईक आहे का, ते कोणत्या भावाला माल घेईल आणि तेच काम आधीपासून कोण करीत आहे, हे महाजालावरील माहितीतून तपासण्याची पद्धत. शोधशब्दांची आकडेवारी, कंपन्यांनी सरकारकडे दाखल केलेली कागदपत्रे, बाजारभाव, आयात-निर्यातीचे तक्ते, ग्राहकांचे अभिप्राय आणि ऑनलाइन प्रश्नावल्या ही तिची मुख्य साधने होत. बाजार-संशोधनाची ही एक शाखा मानतात.

उगम : मूळ बाजार-संशोधनाच्या आरंभाविषयी मतभेद आहेत. बहुतेक पाठ्यपुस्तके १९११ हे वर्ष धरतात. त्या सुमारास कर्टिस पब्लिशिंग कंपनी या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने व्यापारी संशोधनाचा स्वतंत्र विभाग चार्ल्स कूलिज पार्लिन यांच्याकडे सोपविला. त्यांचा पहिला मोठा अभ्यास शेती-अवजारांच्या बाजारपेठेचा होता. दुसरा पक्ष १८७९ पर्यंत मागे जातो. फिलाडेल्फियातील एन. डब्ल्यू. एअर अँड सन या जाहिरातसंस्थेने मळणीयंत्रे बनविणाऱ्या निकल्स-शेपर्ड कंपनीसाठी ठिकठिकाणच्या राज्य अधिकाऱ्यांना व प्रकाशकांना तारा करून धान्याचे पीक किती येईल याचे अंदाज मागविले होते. कायमचा विभाग आणि ठरलेली पद्धत या कसोट्या लावल्या, तर १९११ चा दावा बळकट ठरतो. प्रस्तुत विषयापुरता मात्र १८७९ चा दाखला अधिक जवळचा वाटतो. संशोधक जागचा हलला नाही, माहिती तारेवरून आली आणि प्रश्न यंत्राचा न विचारता पिकाचा विचारला गेला. पीक चांगले आले तर शेतकऱ्याच्या हातात पैसा येईल आणि मळणीयंत्राला मागणी राहील, हा त्यामागचा तर्क. आजचे शोधशब्दांचे आकडे हाही असाच आडवाटेने मिळणारा पुरावा आहे.

वेबवरील प्रारंभीच्या सर्वेक्षणांत जॉर्जिया टेक या अमेरिकन संस्थेने १९९४ मध्ये सुरू केलेल्या वापरकर्ता-सर्वेक्षणाचा उल्लेख करतात. शोधशब्दांवर बोली लावून जाहिराती विकण्याची पद्धत १९९८ च्या सुमारास रूढ होऊ लागली, आणि कोणता शब्द किती वेळा शोधला जातो या माहितीला त्यामुळे बाजारात मोल आले. कोणता शब्द कधी व कोठे किती शोधला जातो याचा कल दाखविणारी गूगल ट्रेंड्स ही सेवा २००६ मध्ये खुली झाली. तिच्यातील आकडे २००४ पासूनचे आहेत.

शोधशब्दांचे वाचन : ट्रेंड्सवरील ० ते १०० हा आकडा शोधांची संख्या दाखवीत नाही. निवडलेल्या काळातील व प्रदेशातील एकूण शोधांत त्या शब्दाचा वाटा किती, ते नमुन्यावरून काढून सर्वाधिक वाट्याला १०० धरलेले असते. त्यामुळे एखाद्या शब्दाचे शोध दुप्पट झाले आणि एकूण शोधही दुप्पट झाले, तर रेषा आडवीच राहते. मागणी वाढत असूनही ती थंडावली, असा चुकीचा निष्कर्ष येथे सहज निघतो.

शब्दाची निवड त्याहून नाजूक. सिंधुदुर्गातील कोणी कोकमाचे आगळ (कोकमाचा मीठ घातलेला दाट रस) बाटलीबंद करून विकू पाहत आहे असे समजा. रोमन लिपीत ‘कोकम’ घालून जगभराचा आलेख काढला, तर त्यात कॅनडाही डोकावू शकतो. क्री भाषेत तशाच अक्षरांचा शब्द आजीसाठी आहे आणि तेथील आदिवासी समाजांत ‘कोकम स्कार्फ’ नावाचे फुलाफुलांचे रुमाल लोकप्रिय आहेत. उरलेल्या शोधांत सौंदर्यप्रसाधनांसाठी मुठेल (कोकमाच्या बियांचे तेल) शोधणारे असतात. तेव्हा प्रदेश भारतापुरता मर्यादित करावा लागतो. आमसूल, सोलकढी, कोकम सरबत, गोव्यातील भिरंड हे शब्द वेगवेगळे तपासावे लागतात आणि देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिपींत पाहावे लागते. ज्याला ‘आगळ’ हा शब्दच ठाऊक नाही, असे मुंबई-पुण्याबाहेरचे गिऱ्हाईक या शोधात दिसणारच नाही. अभिप्रायांत ‘फार खारट आहे’ अशी तक्रार वारंवार आढळली, तर माल वाईट आहे असे लगेच समजू नये. सरबत समजून आगळ घेतले गेल्याची ती खूण असू शकते, आणि तसे असेल तर दुरुस्ती बाटलीवरच्या मजकुरात करावयाची असते.

शोधांवरून वर्तनाचा अंदाज बांधण्याची मर्यादा गूगल फ्लू ट्रेंड्समुळे, म्हणजे शोधशब्दांवरून फ्लूच्या साथीचा अंदाज देणाऱ्या सेवेमुळे, ठळक झाली. २००८ मध्ये सुरू झालेल्या या सेवेचा २०१२-१३ च्या हंगामातील फ्लूसदृश रुग्णांचा अंदाज अमेरिकी आरोग्ययंत्रणेच्या आकड्याच्या दुपटीहून अधिक निघाला. २०१५ मध्ये ती बंद झाली.

सैद्धांतिक वाद : संधी बाजारात आधीपासून असते आणि सजग माणसाला ती दिसते, हे मत अर्थशास्त्रज्ञ इझ्रायल कर्झनर यांच्या मांडणीतून पुढे आले. व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक शॅरन अल्वारेझ व जे बार्नी यांनी २००७ मध्ये, संधी उद्योजकाच्या कृतीतून घडते, हा पर्याय त्या मतासमोर मांडला. पहिले मत घेतले तर महाजालावरील शोधाला मोठे स्थान मिळते. दुसरे घेतले तर, जी वस्तू अजून कोणी पाहिलीच नाही तिचा शोध कोण घेणार, हा प्रश्न उरतो. व्यवहारात आधीच सुचलेल्या कल्पनांतील निरुपयोगी कल्पना गाळून टाकण्यास ऑनलाइन शोध अधिक उपयोगी पडतो, असे दिसते. ‘घेईन’ असे प्रश्नावलीत लिहिणे आणि आगाऊ पैसे भरणे यांतील अंतर त्याने भरून निघत नाही.

भारतातील साधने : कंपन्यांची दाखल कागदपत्रे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून पाहता येतात. व्यापारचिन्हांच्या (ट्रेडमार्क) सार्वजनिक नोंदणीत नाव आधीच घेतले आहे का ते कळते. तेथे वस्तू व सेवांचे ४५ वर्ग आहेत. शेतमालाच्या भावांसाठी अ‍ॅगमार्कनेट आणि राज्य कृषी पणन मंडळाचे संकेतस्थळ आहे. खरेदीशक्तीच्या अंदाजासाठी २०२२-२३ चे घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षण वापरता येते. त्यात दरमहा दरडोई सरासरी खर्च ग्रामीण भागात ३,७७३ रु. व नागरी भागात ६,४५९ रु. आढळला. जिल्हा उद्योग केंद्रात किंवा बँकेत द्यावयाच्या प्रकल्प अहवालातील मागणीचे प्रकरण अशा आकड्यांवर उभे करता येते. मात्र आठवडे बाजारातील, ओळखीपाळखीतील आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून चालणारी विक्री यांतील कोणत्याही साधनात नीट उतरत नाही, आणि घरगुती खाद्यपदार्थांच्या धंद्यात हा भाग मोठा असतो.