नाव आधी मराठीत: लोगो, अक्षरं आणि रंगांचं काम देण्यापूर्वी

लोगो, पाकीट, बोर्ड किंवा बिलबुकाचं काम घेऊन येणाऱ्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. येण्यापूर्वी वाचलंत तर पहिल्याच बैठकीत नेमकं बोलता येईल आणि प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा तपासणीचा नमुना, हातात आल्यावर काय तपासायचं हेही कळेल.

आमच्याकडे लोगोचं काम मराठी नावापासून सुरू होतं. बाजारात बहुतेक वेळा उलटं घडतं. इंग्रजी नावाचा लोगो आधी तयार होतो, तो पसंत पडतो आणि मराठी नाव शेवटी, हाताशी असेल त्या फॉन्टमध्ये, खाली बसवलं जातं. मग दुकानावर बोर्ड लावायची वेळ येते. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायद्याच्या 2022 मधल्या दुरुस्तीनंतर फलकावर मराठी नाव देवनागरीत आणि सुरुवातीला असावं लागतं. त्याची अक्षरं दुसऱ्या कुठल्याही लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हे लागू आहे. म्हणजे ज्या नावाकडे कुणी लक्ष दिलेलं नसतं, तेच सगळ्यांच्या नजरेसमोर येतं. कायदा नसता तरी आम्ही हाच आग्रह धरला असता. तुमचं गिऱ्हाईक तुमचं नाव मराठीतच घेतं आणि शेजाऱ्यालाही मराठीतच सांगतं.

अक्षरं

मसाल्याच्या पाकिटावर दोन ओळींत ‘कांदा लसूण / मसाला’ असं लिहायचं आहे, असं धरू. ‘कां’वरचा अनुस्वार शिरोरेषेच्या वर जातो, ‘सू’चा उकार अक्षराच्या खाली उतरतो. दोन ओळी जवळ घेतल्या की हा उकार खालच्या ‘मसाला’च्या शिरोरेषेवर आदळतो. खालच्या ओळीत ‘किंमत’सारखा शब्द असेल तर वेलांटी आणि अनुस्वार दोन्ही वर घुसतात. इंग्रजी मजकुराला ओळींमधलं अंतर अक्षराच्या सव्वापट ठेवलं तरी भागतं, देवनागरीला ते दीडपटीच्या आसपास लागतं. ‘ओळी जरा जवळ घ्या, म्हणजे फोटो मोठा होईल’ ही सूचना आम्हाला वारंवार येते. तेव्हा आम्ही फोटो लहान करायला सुचवतो, कारण पाकीट विकत घेणारा आधी नाव शोधतो.

इंग्रजीत अक्षरं सुटी सुटी करून ऐटदार दिसतात. मराठीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाची अक्षरं विखुरतात. जागा भरायची म्हणून नाव आडवं ताणलं तर उभ्या रेघा जाड होतात, आडव्या तशाच राहतात आणि अक्षराचा तोल जातो. जागा मोठी असेल तर मुळातच रुंद वळणाचा फॉन्ट घ्यावा किंवा नाव हातानं काढून घ्यावं. हातानं काढलेल्या अक्षरांची ताकद पाहायची असेल तर कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावं पाहा. नाटक गंभीर आहे की हलकंफुलकं, हे नुसत्या अक्षरांच्या वळणावरून कळतं. चांगल्या लोगोकडून आमची तीच अपेक्षा असते.

फॉन्ट निवडताना तो कशासाठी तयार झाला हे पाहावं लागतं. ‘मंगल’ हा र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला फॉन्ट मुळात संगणकाच्या पडद्यावर वाचायचा आहे. तो वीस फुटी बोर्डावर नेला की पोकळ वाटतो, आणि दोष फॉन्टचा नसतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट तयार करणाऱ्या संस्थेनं केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ खुल्या परवान्याखाली आहेत, व्यवसायासाठीही मोफत वापरता येतात. ‘मुक्त’ लहान मजकुरातही स्वच्छ वाचता येतो. ‘बलू’ जाडजूड आणि गोलसर आहे, खाऊच्या दुकानाला शोभतो, वकिलाच्या लेटरहेडला नाही. विकत घ्यायच्या फॉन्टचं लायसन्स आम्ही तुमच्या नावानं घेतो आणि पावती तुम्हाला देतो.

प्रूफमध्ये तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून तपासा. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत का? राज्य शासनाच्या प्रमाण वर्णमालेत पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ आहे, पण पुष्कळ फॉन्टमध्ये आपसूक हिंदी वळणाची अक्षरं येतात. काही फॉन्टमध्ये भाषा ‘मराठी’ निवडली की ती बदलतात. दुसरं, ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र नीट आला आहे का. तिसरं, जोडाक्षरं फुटली आहेत का. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत असतो. छापखान्यातली जुनी सॉफ्टवेअर तो नीट उचलत नाहीत, म्हणून तो श्रीलिपीसारख्या छपाईच्या जुन्या अक्षरप्रणालीत फिरवावा लागतो. या फिरवाफिरवीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे उडी मारते, ‘ष्ट’चा पाय मोडलेला दिसतो. हजार पाकिटं छापून झाल्यावर हे लक्षात येणं फार महागात पडतं.

रंग

मोबाइलचा पडदा प्रकाशानं रंग दाखवतो आणि कागदावर सायन, मॅजेंटा, पिवळी व काळी अशा चार शाया एकमेकींवर बसतात. त्यामुळे पडद्यावर झळाळणारा केशरी, पोपटी किंवा गडद निळा कागदावर उतरला की मंदावतो. निळा तर जांभळ्याकडे झुकतो. केशरी हाच तुमच्या धंद्याचा रंग असेल तर तो वेगळी शाई घेऊन, म्हणजे स्पॉट कलर म्हणून, छापून घ्यावा. खर्च वाढतो, पण रंग दर वेळी तोच येतो. रंगाची संमती मोबाइलवर पाहून देऊ नका, छापील नमुना पाहूनच द्या. क्राफ्ट कागदाच्या तपकिरी पाउचवर छापायचं असेल तर नमुना त्याच पाउचवर मागा. तिथे पिवळा जवळजवळ नाहीसा होतो.

बारीक मजकूर आम्ही फक्त काळ्या शाईत ठेवतो. तो चार रंगांत केला आणि छपाईत एखादी प्लेट केसभर जरी सरकली तरी प्रत्येक अक्षराला रंगीत सावली येते. गडद मरून पट्टीवर पांढरी बारीक अक्षरं सुंदर दिसतात हे खरं, पण शाई पसरून ‘ण’, ‘क्ष’, ‘ष्ठ’ यांच्या बारीक रेघा बुजतात.

लाल जमिनीवर, म्हणजे लाल पार्श्वभूमीवर, हिरवं नाव वाचता येईल का, अशी शंका असेल तर डिझाइनचा फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करून पाहा. नाव जमिनीत विरघळलं तर रंग बदलायला हवेत. बोर्डासाठी साधारण हिशेब असा की दर 10 फूट अंतराला अक्षराची उंची 1 इंच. रस्त्यापलीकडून, 40 फुटांवरून, नाव वाचता यायचं तर 4 इंच हवेत. ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची. मात्रा आणि उकारांची जागा वेगळी धरा. आडव्या, चिंचोळ्या बोर्डाची फ्रेम आधीच बनवून घेतली असेल तर इथेच अडचण होते.

खाद्यपदार्थांच्या पाकिटावर शाकाहाराचं चिन्ह, हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका, त्याच रंगात राहतं. ते तुमच्या रंगसंगतीत बदलता येत नाही. लेबलवरची आवश्यक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावी लागते. जोडीला मराठी जरूर द्या, आणि तिच्यासाठी जागा सुरुवातीलाच राखून ठेवायला सांगा.

ओळख

लोगो पसंत करण्यापूर्वी तो आम्ही तीन ठिकाणी लावून दाखवतो: रबरी शिक्क्यावर एका रंगात, व्हॉट्सअ‍ॅपच्या गोल डीपीत आणि बिलाच्या कोपऱ्यात अर्ध्या इंचात. तिथे जो तगत नाही तो बोर्डावर कितीही देखणा दिसला तरी आम्ही बाजूला ठेवतो. सावल्या, चकाकी, सोनेरी छटा शिक्क्यावर उतरतच नाहीत. एकदा ठरलेले दोन रंग आणि एक अक्षरवळण मग बोर्ड, पिशवी, गाडी, दिवाळीची जाहिरात सगळीकडे तसंच ठेवा. सणासुदीला लोगोचा रंग बदलायचा मोह होतो, पण सजावट लोगोभोवती करावी.

काम संपल्यावर तुम्हाला कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची मूळ फाइल, अक्षरं कर्व्ह केलेली (फॉन्ट नसला तरी तशीच दिसावीत म्हणून आकृतीत बदललेली) पीडीएफ आणि पार्श्वभूमी नसलेली पीएनजी मिळते, सोबत रंगांचे आकडे आणि फॉन्टची नावं लिहिलेला एक कागद. तुमच्याकडचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबले जाऊन छपाईला निकामी होतात.

हक्कांबद्दल कुणी सहसा विचारत नाही, म्हणून आम्हीच सांगतो. पैसे देऊन करून घेतलेल्या लोगोचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, साधारणपणे तो काढणाऱ्याकडेच राहतो आणि तुमच्याकडे येण्यासाठी लेखी, सही केलेला कागद लागतो. शेवटच्या बिलासोबत तो आम्ही करून देतो. ट्रेडमार्कची नोंदणी हे वेगळं काम आहे; ती 10 वर्षांसाठी असते आणि पुढे नूतनीकरण करता येतं. नाव आणि चिन्ह दोन्हींसाठी अर्ज करायचा असेल तर बोर्डाची ऑर्डर देण्यापूर्वी तेच नाव आधी कुणी नोंदवलेलं नाही ना, हे ट्रेडमार्क कार्यालयाच्या ऑनलाइन शोधात पाहून घ्या. ते कसं पाहायचं हे आमच्या काउंटरवर दाखवलं जाईल, त्याचे पैसे नाहीत.