वेदोक्त आणि पुरोहित कायदा, बडोदे संस्थानातील

राजघराण्यातील धार्मिक विधी पुराणोक्त (पुराणांतील, शूद्रांसाठी मानलेल्या) मंत्रांऐवजी वेदोक्त (वेदांतील, ब्राह्मण-क्षत्रियादी द्विजांसाठी राखलेल्या) मंत्रांनी व्हावेत, हा महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे, १८६३–१९३९) यांचा निर्णय आणि त्याच धोरणातून पुढे आलेला १९१५ चा हिंदु पुरोहित कायदा. धर्म अढळ असतो, असे म्हटले जाते; पण रूढ धर्म आपली मते बदलतो की नाही, या प्रश्नाला बडोद्याइतके ठोस उदाहरण मराठी मुलखाच्या इतिहासात क्वचितच सापडते.

मराठा राजघराणी क्षत्रिय आहेत का आणि त्यांना वेदोक्ताचा अधिकार आहे का, या वादाचे मूळ ‘कलावाद्यन्तयोः स्थितिः’ या वचनाकडे नेले जाते. कलियुगात पहिला (ब्राह्मण) व शेवटचा (शूद्र) असे दोनच वर्ण उरतात, असा त्याचा अर्थ. त्याला आधार म्हणून महापद्म नंदाने क्षत्रियांचा उच्छेद केल्याच्या विष्णु व भागवत पुराणांतील कथेकडे बोट दाखवले जाई. तथापि धर्मशास्त्रकारांत यावर एकमत कधीच नव्हते. ‘निर्णयसिंधु’ (१६१२) या ग्रंथाचे कर्ते कमलाकरभट्ट यांनी क्षत्रिय व वैश्य स्वकर्मापासून ढळलेले, प्रच्छन्न रूपात का होईना, आहेतच, असे आपल्या वडिलांचे मत नोंदवले आहे. याच घराण्यातील त्यांचे पुतणे गागाभट्ट यांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक केला. त्या वेळचे सगळेच विधी वेदोक्त होते का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत; त्याच वर्षी निश्चलपुरी गोसावी यांच्याकडून तांत्रिक पद्धतीचा दुसरा अभिषेकही झाला. साताऱ्यात छत्रपती प्रतापसिंह यांच्या काळी, १८३० च्या सुमारास, हाच प्रश्न पुन्हा चर्चेला आला. ‘धर्म अढळ असतो’ हे विधान या परंपरेच्या स्वतःच्या ग्रंथांपुढेच टिकत नाही, हे येथे स्पष्टपणे मांडले पाहिजे.

बडोद्यात वेदोक्ताचा प्रारंभ सामान्यतः १८९६ मधील मानला जातो. म्हणजे शाहू महाराजांच्या काळचे कोल्हापूरचे अधिक गाजलेले वेदोक्त प्रकरण यानंतरचे. १९०१ मध्ये टिळकांनी केसरीतून या मागणीला विरोध केला. मागणी करणाऱ्यांची भाषा लक्षात घेण्याजोगी आहे: वेदोक्ताचे समर्थक काही नवे आणतो असे म्हणत नव्हते, मूळचा अधिकार परत मागतो असे म्हणत होते. परंपरेत बदल शिरतो तो बहुधा याच वाटेने, असे प्रस्तुत नोंदकाराला वाटते. मात्र राजवाड्यातील वेदोक्ताने गावोगावच्या मराठा व इतर कुटुंबांच्या घरी काय फरक पडला, याच्या नोंदी तुटपुंज्या आहेत.

पुरोहित कायद्याने प्रश्न राजघराण्याबाहेर नेला. पौरोहित्य करणाऱ्याने परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना घ्यावा आणि यजमानाला विधीचा अर्थ त्याच्या भाषेत समजावून सांगावा, ही त्यातील महत्त्वाची कलमे. कोणता विधी खरा, कोणता खोटा, याचा निवाडा कायद्याने केला नाही. पण वंशपरंपरेने मिळणारा अधिकार त्याने ज्ञानाच्या कसोटीला लावला आणि पाटावर बसलेल्या माणसाला अर्थ विचारण्याचा हक्क दिला. श्रद्धेच्या दृष्टीने हा बदल मंत्र बदलण्याहून खोल होता.

बालविवाह प्रतिबंध (१९०४) व हिंदू घटस्फोट (१९३१) हे कायदे त्याच धोरणातले. बडोदे कॉलेजात धर्मांच्या तौलनिक अभ्यासालाही सयाजीरावांनी आश्रय दिला. संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले.