इनिट बदलायचं की राखण बसवायची?

राळेगाव-हिंगणघाट पट्ट्यात कापूस यायला लागला की जिनिंगच्या धर्मकाट्यावरचं जुनं कॉम्प्युटर दिवसरात्र चालू राहतं. नवं विंडोज त्या मशीनला झेपत नाही, म्हणून कोणीतरी त्यावर लिनक्स टाकून दिलेलं असतं. मग ऐन गर्दीत काट्याचं वजन वाचणारा प्रोग्राम मरतो, बाहेर गाड्यांची रांग लागते आणि फोन येतो, "भाऊ, वजनच येऊन नाही राहिलं जी." कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या पोरांकडून यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "सिस्टमडी काढा, रनिट टाका. हलकं आहे, मेलेलं परत उठवतं."

सिस्टमडी आणि रनिट ही लिनक्स मशीन उभी करून त्यावरच्या सेवा चालवणारी दोन वेगळी साधनं. सल्ला वाईट नाही, पण त्यात दोन वेगळी कामं एका दमात सांगितली आहेत. 'सिस्टमडी काढा' हा इनिटचा, म्हणजे मशीन उभी करणाऱ्या पहिल्या प्रोग्रामचा विषय झाला. 'मेलेलं परत उठवतं' हा सुपरव्हिजनचा, म्हणजे राखणीचा. पहिलं न करताही दुसरं मिळतं, आणि काट्यावरच्या माणसाला बहुतेक वेळा दुसरंच हवं असतं.

आधी इनिट. मशीन चालू झाली, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा मेमरीत आला, मूळ फाइलसिस्टम जोडली गेली की कर्नल स्वतःहून एकच प्रोग्राम सुरू करतो. चालू असलेला प्रोग्राम म्हणजे प्रोसेस, आणि याचा प्रोसेस क्रमांक १. पुढचे सगळे प्रोग्राम त्याची लेकरं-नातवंडं. ज्या प्रोसेसचा बाप आधी मेला, ती सहसा या क्रमांक १ च्या पदरात येते, आणि ती संपली की तिची नोंद पुसणं हे त्याचं काम. ती नोंद पुसली नाही तर प्रोसेसच्या यादीत झोंबी साचत जातात. क्रमांक १ ने स्वतः मात्र मरून चालत नाही. तो मेला की कर्नल पॅनिक होतो आणि मशीन जागीच थांबते. इनिट म्हणून लागतं ते एवढंच : मशीन उभी करणं, अनाथ प्रोसेस सांभाळणं आणि शेवटी नीट बंद करणं. वजन वाचणारा प्रोग्राम जिवंत आहे का, हे पाहणं यात येत नाही.

राखण करणारा सुपरव्हायझर निराळा. तो एखादा प्रोग्राम आपलं लेकरू म्हणून सुरू करतो आणि त्याच्याजवळच बसून राहतो. प्रोग्राम संपला की कर्नल बापाला कळवतो, बाप लगेच दुसरा सुरू करतो. पेरणी आणि जागल यांत जेवढा फरक, तेवढाच इथे : पेरणी हंगामात एकदा, पण रानडुकरांसाठी जागलीला रोज रात्री जावं लागतं, आणि पेरणाऱ्यानेच जागलीला गेलं पाहिजे असं काही नसतं.

जुन्या सिसव्ही इनिटमध्ये हा फरक उघड दिसायचा. त्यातल्या स्क्रिप्ट सेवा सुरू करून मोकळ्या व्हायच्या. सेवा पार्श्वभूमीत जायची आणि आपला प्रोसेस क्रमांक एका फाइलीत लिहून ठेवायची. नंतर ती मेली तरी फाइल तशीच. बत्ती गुल होऊन मशीन धाडकन बंद पडली आणि ती फाइल डिस्कवर उरली, तर पुढच्या वेळी तोच क्रमांक भलत्याच प्रोसेसला मिळालेला असू शकतो. मग 'सेवा बंद कर' म्हटल्यावर मरायचं कोण आणि मरतं कोण! सुपरव्हायझरला अशी फाइल लागतच नाही. लेकरू त्याचंच असल्यामुळे क्रमांक त्याला ठाऊकच असतो. सिसव्हीच्या इनिटटॅब फाइलीत 'रिस्पॉन' नावाची राखणीची सोय होती खरी, पण ती मुख्यतः गेटीसाठी, म्हणजे लॉगिनचा पडदा दाखवणाऱ्या प्रोग्रामसाठी वापरली जायची. शिवाय दोन मिनिटांत दहापेक्षा जास्त वेळा मेलेल्या गोष्टीला ते इनिट पाच मिनिटं हातच लावायचं नाही.

राखणीचा विचार वेगळ्या घरातून आला. डी. जे. बर्नस्टाइन यांनी १९९० च्या दशकात डेमनटूल्स लिहिलं. ते इनिट नव्हतंच, कुठल्याही इनिटखाली चालायचं. त्याच पद्धतीवर गेरिट पापे यांनी रनिट लिहिलं आणि त्याला क्रमांक १ म्हणून चालणारा एक छोटा प्रोग्रामही जोडला. गोंधळाचं मूळ इथेच आहे : रनिट या एका नावाखाली इनिटही आहे आणि राखणही. सिस्टमडी २०१० मध्ये आलं, त्यानेही दोन्ही कामं घेतली, वर आणखी डझनभर. त्यामुळे नव्या माणसाला दोन्ही एकच वाटतात, यात त्याचा दोष नाही.

रनिटची राखण कशी चालते ते सविस्तर बघू, कारण तिथे फार लपवलेलं काही नाही. प्रत्येक सेवेची एक डिरेक्टरी. तिच्यात 'रन' नावाची, चालवता येणारी एक स्क्रिप्ट. बस. व्हॉइड लिनक्समध्ये रनिट मुळातच असतं. तिथे या डिरेक्टऱ्या 'ईटीसी'खालच्या 'एसव्ही' डिरेक्टरीत असतात, आणि जी सेवा चालू हवी तिची सिमलिंक, म्हणजे मूळ जागेकडे बोट दाखवणारी लिंक, 'व्हार'खालच्या 'सर्व्हिस'मध्ये टाकायची. डेबियन लिनक्समध्ये ही जागा 'ईटीसी'खालची 'सर्व्हिस' आहे. 'रनएसव्हीडिर' नावाचा प्रोग्राम दर पाच सेकंदांनी त्या जागेत डोकावतो. नवी लिंक दिसली की तिच्यासाठी एक 'रनएसव्ही' सुरू करतो, आणि तो रनएसव्ही त्या एकाच सेवेचा राखणदार. रन स्क्रिप्ट सुरू होताच मरत असेल तर तो पुन्हा चालवण्याआधी एक सेकंद थांबतो, पण कंटाळून सोडून देत नाही.

लॉगची सोय मला यातली सगळ्यात देखणी वाटते. सेवेच्या डिरेक्टरीत 'लॉग' नावाची डिरेक्टरी करून तिच्यात आणखी एक रन स्क्रिप्ट ठेवली की सेवेचं सगळं बोलणं एका पाइपमधून 'एसव्हीलॉगडी'कडे जातं. पाइप रनएसव्हीच्या हातात असतो, त्यामुळे सेवा मरून उठली तरी मधल्या ओळी हरवत नाहीत. फाइल साधारण दहा लाख बाइटची झाली की बाजूला काढली जाते आणि जुन्या दहा फाइली ठेवल्या जातात. सेटिंग न बदलताही छोट्या डिस्कवर लॉग बोकाळत नाही.

आता सगळ्यांना ठेच लागते ती जागा. रन स्क्रिप्टमधला प्रोग्राम समोरच चालत राहिला पाहिजे, पार्श्वभूमीत पळता कामा नये. बरेच जुने प्रोग्राम सुरू होताच स्वतःची प्रत काढून मूळ प्रोसेस संपवतात. रनएसव्हीला वाटतं लेकरू मेलं, तो दुसरं सुरू करतो. पहिलं तर कुठेतरी जिवंतच असतं आणि पोर्ट अडवून बसलेलं असतं. लॉगमध्ये दर सेकंदाला 'ॲड्रेस आधीच वापरात' अशी ओळ दिसायला लागली की समजायचं हेच झालंय. यावर बहुतेक सेवांना एखादा पर्याय असतो : दुरून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएचडीला वजा कॅपिटल डी, वेब सर्व्हर एनजिनएक्सला 'डेमन ऑफ'. स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामला काहीच लागत नाही, फक्त स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत त्याच्या आधी 'एक्झेक' लिहायचं. ते नसेल तर राखण शेलची, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामची होते आणि सेवा बंद करण्याचा सिग्नल प्रोग्रामऐवजी शेलला जातो.

हे सगळं करायला इनिट बदलावं लागत नाही. रनएसव्हीडिर हा साधा प्रोग्राम आहे. तो सिसव्हीच्या इनिटटॅबमधल्या एका ओळीतून चालतो, सिस्टमडीखाली एक सेवा म्हणूनही चालतो. बिझीबॉक्स या छोट्या साधनांच्या पुडक्यातसुद्धा त्याची आवृत्ती आहे.

आणि खरं सांगू का, सिस्टमडी असलेल्या काट्याच्या मशीनवर अनेकदा तेवढंही लागत नाही. आपण लिहिलेल्या सेवेच्या फाइलीत 'रीस्टार्ट' ही ओळ नसली की सिस्टमडी तिला 'नाही' समजतं. प्रोग्राम मेला की मेला. लोक इथे 'सिस्टमडी उठवत नाही' म्हणून इनिट बदलायला निघतात, आणि उत्तर 'रीस्टार्ट बरोबर ऑलवेज' या एका ओळीत असतं. फक्त, दहा सेकंदांत पाचदा सुरू करूनही सेवा टिकली नाही तर सिस्टमडी नाद सोडतं. काट्याचा प्लग सैल असेल तर ही मर्यादा लगेच गाठली जाते, म्हणून दोन उठवण्यांमधलं अंतर पाच-दहा सेकंद करून ठेवावं.

मग इनिट कधी बदलावं? आतलं सगळं स्वतःला वाचता यावं असं वाटत असेल तेव्हा. रनिटचं बूट तीन स्क्रिप्टमध्ये आटोपतं : पहिली एकदाची कामं करते, दुसरी राखण सुरू करून चालत राहते, तिसरी मशीन बंद करताना चालते. शेलची ओळख असलेल्या पोराला एका बैठकीत ते कळतं. निव्वळ मेमरी वाचवायला मात्र बदलू नये. जुनी मशीन घुसमटते ती ब्राउझरने, इनिटने नव्हे.

बदलायचंच असेल तर चालू मशीनवर करवत चालवण्यापेक्षा व्हॉइड किंवा आर्टिक्स लिनक्सची रनिटवाली आवृत्ती कोरी टाकलेली बरी. चालू मशीनवरच करायचं तर मूळ इनिटला न हलवता, कर्नल सुरू करणाऱ्या बूटलोडरमध्ये कर्नलच्या ओळीला 'इनिट बरोबर' लिहून रनिट-इनिटचा पत्ता देता येतो. बिघडलं तर ते न लिहिता रीबूट केलं की जुनं परत. त्याआधी गेटीची सेवा तयार असू द्या, नाहीतर मशीन उभी राहील पण लॉगिन करायला पडदाच मिळणार नाही. नेटवर्क, ठरल्या वेळी कामं चालवणारं क्रॉन आणि पावती छापणारी कप्सची सेवा यांच्याही लिंक आधीच टाकून ठेवा. सिस्टमडीचे टायमर वापरले असतील तर ते क्रॉनमध्ये आणावे लागतात, आणि डेस्कटॉपला लॉगिन सांभाळणारं, सिस्टमडीचं लॉगिनडी हवं असेल तर त्याच्या जागी ईलॉगिनडी.

रनिट आणि सिस्टमडी, दोघांकडूनही आपसूक होत नाही असं एक काम आहे. साधी राखण मरण पाहते, अडकणं पाहत नाही. यूएसबी-सीरियल वायर ढिली झाली आणि प्रोग्राम आकड्याची वाट पाहत तसाच बसून राहिला, तर रनिटच्या हिशेबात सगळं आलबेल. 'एसव्ही स्टेटस' विचारलं तर 'रन' आणि किती सेकंद झाले तेवढं सांगेल. सिस्टमडीत वॉचडॉग आहे, पण 'मी जिवंत आहे' असं प्रोग्रामने ठरावीक वेळाने स्वतः कळवलं तरच त्याचा उपयोग. सोपा मार्ग प्रोग्राममध्येच आहे : काटा एरवी सतत आकडे पाठवत असेल आणि अर्धा मिनिट काहीच आलं नाही, तर प्रोग्रामने स्वतःहून बाहेर पडावं. पुन्हा उठवायला राखणदार बसलेलाच आहे, आणि नव्याने सुरू झाल्यावर पोर्टही नव्याने उघडलं जातं.

लाइन जाते तेव्हा तर इनिट आणि राखणदार दोघंही मशीनबरोबरच जातात. रनिटची तिसरी स्क्रिप्ट चालायला वेळ मिळावा म्हणून यूपीएस हवा, आणि बॅटरी उतरत आल्याचं मशीनला कळवणारी त्याची वायरही जोडलेली हवी. बऱ्याच ठिकाणी ती वायर खोक्यातच पडून असते. वीज परत आल्यावर मशीन आपोआप चालू होणं ही बायोसमधली सेटिंग आहे. ती बंद असेल तर कुठलंही इनिट टाका, सकाळी कोणीतरी बटण दाबेपर्यंत काटा सुरू होत नाही.