बारा तारांची गिटार निवडताना : सूर, ताण आणि मराठवाड्याची हवा

बारा तारांच्या अकूस्टिक गिटारचा आवाज मराठी कानाला पहिल्या भेटीतही फारसा परका वाटत नाही, आणि त्याचे कारण तंबोऱ्यात आहे. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारांना आपण जोडीच्या तारा म्हणतो. त्या एकाच षड्जात मिळवलेल्या असतात, आणि शेवटची खर्जाची तार त्याच षड्जाच्या एक सप्तक खाली बोलते. बारा तारांच्या गिटारमध्ये नेमके हेच दोन संबंध, म्हणजे समान सुराची जोडी आणि सप्तकाच्या अंतराची जोडी, सहा ठिकाणी मांडलेले असतात. हरिनाम सप्ताहात वीणेचा अखंड झंकार ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला या गिटारची ओढ वाटावी हे म्हणूनच स्वाभाविक आहे. मात्र परभणी, लातूर किंवा नांदेडमध्ये राहून अशी गिटार विकत घेणाऱ्याने आवाजाच्या मोहात पडण्याआधी तिच्या आत चाललेली ओढाताण समजून घ्यावी, कारण ही गिटार हाताला सोपी वाटते की नाही आणि कानाला गोड वाटते की नाही, या दोन्ही गोष्टी त्या ओढाताणीवरच ठरतात.

नेहमीच्या सहा तारांच्या गिटारमध्ये जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई असे सूर असतात आणि त्यांची कंपनसंख्या सुमारे ८२ हर्ट्‌झपासून ३३० हर्ट्‌झपर्यंत जाते. बारा तारांच्या गिटारमध्ये यांपैकी प्रत्येक तारेशेजारी एक सोबतीण येते. वरच्या सुरांच्या दोन जोड्या, म्हणजे बी आणि बारीक ई, समान सुरात असतात, तर उरलेल्या चार जोड्यांमध्ये जाड तारेची सोबतीण एक सप्तक वर असते. त्यामुळे १९६ हर्ट्‌झच्या जी तारेशेजारी ३९२ हर्ट्‌झची एक अतिशय बारीक तार येते, आणि ती संपूर्ण गिटारमधली सर्वांत उंच सुराची तार ठरते. या एका तारेकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

दोन तारा एकाच सुरात लावल्या तरी त्या कधीच तंतोतंत सारख्या नसतात. बी जोडीतली एक तार २४७ आणि दुसरी २४८ हर्ट्‌झवर असेल, तर त्यांच्या लहरी सेकंदातून एकदा परस्परांना बळ देतात आणि एकदा परस्परांना खोडतात, म्हणून आवाज सेकंदाला एकदा फुलतो आणि मिटतो. यालाच विस्पंद म्हणतात. सहा जोड्यांमधले असे वेगवेगळ्या गतीचे विस्पंद आणि त्यांच्या वरच्या स्वरकांमधले, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणाऱ्या उंच सुरांमधले, आणखी जलद विस्पंद एकत्र मिसळले, की या गिटारचा तो ओळखीचा, पाण्यावर ऊन हलावे तसा झळाळता आवाज तयार होतो. तारा दुप्पट म्हणून आवाज दुप्पट मोठा होतो, हा समज मात्र चुकीचा आहे. सारख्या ताकदीच्या दोन स्वतंत्र स्रोतांची भर पडली तर पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते, आणि कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची वाढ लागते. बारा तारांनी गिटार मोठी वाजत नाही. ती भरीव वाजते.

जोडीच्या तारांचा आणखी एक गुण पियानोच्या अभ्यासातून स्पष्ट झाला. पियानोतही बहुतेक सुरांना दोन किंवा तीन तारा असतात. भौतिकशास्त्रज्ञ गॅब्रिएल वाइनराइश यांनी १९७७ साली दाखवून दिले, की अशा तारा ब्रिजमार्फत, म्हणजे तारांचे कंपन लाकडी पाटीपर्यंत पोहोचवणाऱ्या आधारपट्टीमार्फत, एकमेकींशी बोलत असतात. त्या एका दिशेने एकत्र हलत असताना ब्रिजला जोराने ढकलतात आणि त्यांची ऊर्जा लवकर संपते. त्या परस्परविरुद्ध हलू लागल्या, की ब्रिजवरचे त्यांचे बल जवळपास रद्द होते आणि उरलेली ऊर्जा हळूहळू पाझरत राहते. म्हणून सुरुवातीचा ठसठशीत आवाज चटकन उतरतो आणि मागे एक लांब, मंद आस उरते. गिटारच्या समसुरी जोड्यांनाही हेच तत्त्व लागू पडते. माझ्या मते चांगली गिटार ओळखण्याची खरी खूण या मागे उरणाऱ्या आसेत आहे, आणि दुकानातल्या गोंगाटात नेमकी तीच ऐकायची राहून जाते.

आता ताणाकडे वळू. नटापासून, म्हणजे मानेच्या टोकाशी असलेल्या खाचांच्या पट्टीपासून, सॅडलपर्यंत, म्हणजे ब्रिजवरच्या ज्या पातळ पट्टीवर तारा टेकतात तिथपर्यंत, तारेची मोकळी लांबी ६४८ मिलीमीटर धरली, तर ०.०१० इंच जाडीच्या पोलादी तारेला बारीक ई सुरात आणण्यासाठी सुमारे साडेसात किलो वजनाइतकी ओढ द्यावी लागते. सहा तारांच्या गिटारवर हलक्या, म्हणजे बारीक तारांच्या, संचाची एकूण ओढ ७५ किलोच्या आसपास असते, तर बारा तारांच्या हलक्या संचाची ती ११० किलोच्या वर जाते. मोंढ्यातले सगळे व्यवहार क्विंटलमध्ये बोलणाऱ्या आपल्या भागात याची कल्पना करणे सोपे आहे: जेमतेम अडीच-तीन मिलीमीटर जाडीच्या लाकडी पाटीवर, म्हणजे गिटारच्या देहाच्या पुढच्या फळीवर, चिकटवलेला एक छोटा ब्रिज दिवसरात्र क्विंटलभराहून अधिक ओढ सोसत असतो. शिवाय तारा पाटीच्या पृष्ठावरून साधारण बारा मिलीमीटर उंचीवरून जातात, त्यामुळे ही ओढ ब्रिजला नुसती खेचत नाही, तर पुढच्या बाजूला कलंडवू पाहते. ब्रिजच्या मागची पाटी त्यामुळे फुगते आणि पुढची दबते.

गिटार बनवणाऱ्यापुढचा पेच येथेच उभा राहतो. पाटी जाड ठेवली आणि आतल्या पट्ट्या भक्कम लावल्या, तर गिटार वर्षानुवर्षे टिकते, पण ताठ पाटी सहजपणे हलत नाही आणि आवाज कोंदट राहतो. पाटी हलकी ठेवली तर ती गाते, पण काही वर्षांतच फुगून तारा वर उचलते आणि वाजवणाऱ्याची बोटे दुखू लागतात. स्वस्त गिटारची पाटी बहुधा प्लायवूडसारख्या थरांची असते. ती हवामानाला दाद देत नाही, पण आवाजात सहसा मागे पडते. अखंड स्प्रूस लाकडाची पाटी अधिक मोकळी बोलते, मात्र तिला सांभाळावे लागते. पैसे मोजताना पहिला खर्च या पाटीवर करावा. बाजू आणि पाठ शिसवीची असावी की महोगनीची, हा प्रश्न त्यानंतरचा आहे, आणि शिंपल्याच्या नक्षीचा प्रश्न तर कुठेच नाही.

हाताच्या सोयीची तपासणी करायला स्टीलची छोटी पट्टी पुरते. फ्रेट म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या. बाराव्या फ्रेटवर जाड ई तारेची खालची कड फ्रेटच्या माथ्यापासून दोन ते अडीच मिलीमीटर आणि बारीक ई तारेची कड दोन मिलीमीटरच्या आत असावी. पण नवशिक्याला खरा त्रास बाराव्या फ्रेटवर होत नाही, तो नटाजवळ होतो, आणि याचे गणित साधे आहे. तार दाबण्यासाठी लागणारे बल तिच्या उंचीवर जितके अवलंबून असते, तितकेच ते जवळच्या टेकूपासूनच्या अंतरावरही असते. पहिला फ्रेट नटापासून अवघ्या ३६ मिलीमीटरवर आहे आणि बारावा ३२४ मिलीमीटरवर. नटाच्या खाचा अर्धा मिलीमीटर जरी उंच राहिल्या, तरी पहिल्या फ्रेटवरची एफ कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरांचा समूह) बारा तारांवर दाबताना मनगट भरून येते. यासाठी एक नेमकी चाचणी आहे. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावावा आणि त्याच्यापुढे बारची, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबण्याची, कॉर्ड धरून पाहावी. ती एकाएकी सोपी झाली तर दोष नटात आहे, आणि खाचा घासून खोल करणे हे कुशल कारागिराचे थोड्या वेळाचे आणि थोड्या पैशांचे काम आहे. कॅपो लावूनही कॉर्ड तशीच जड जात असेल, तर दोष मानेच्या कोनात किंवा फुगलेल्या पाटीत असण्याचा संभव आहे, आणि तो दुरुस्त करणे महाग पडते.

मानेचा कोन पाहण्यासाठी लांब सरळ पट्टी फ्रेटांवर आडवी न ठेवता मानेच्या लांबीच्या दिशेने ठेवावी आणि ब्रिजपर्यंत सरकवावी. तिचे टोक ब्रिजच्या लाकडाच्या माथ्यावर अलगद यावे. ते ब्रिजच्या पोटाला आडवे धडकत असेल तर मान पुढे झुकलेली आहे. ब्रिजवर सॅडलची किमान तीन मिलीमीटर उंची शिल्लक असावी, कारण ती घासून संपलेली असेल तर तारा आणखी खाली आणायला वावच उरत नाही. शेवटी ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकतो का ते पाहावे. सरकत असेल तर गोंद सुटू लागला आहे, आणि अशी गिटार कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

मानेची रुंदी ही हाताच्या ठेवणीची बाब आहे. सहा तारांच्या गिटारचा नट साधारण ४३ मिलीमीटर रुंद असतो आणि बारा तारांच्या गिटारचा पुष्कळदा ४७ ते ४८. लहान हाताच्या माणसाला अरुंद नट बरा वाटतो, पण त्यात जोड्या इतक्या जवळ येतात, की एका कॉर्डचे बोट शेजारच्या जोडीला गप्प करते. याउलट एकाच जोडीतल्या दोन तारांमध्ये दोन मिलीमीटरहून फार जास्त अंतर असेल, तर बोट त्यांच्यामध्ये रुतते. देहाच्या आकाराबद्दल माझे मत स्पष्ट आहे: खुर्चीत बसून तासभर वाजवणाऱ्याने खोल पोटाच्या ड्रेडनॉट नावाच्या मोठ्या आकारापेक्षा कंबर बारीक असलेला मध्यम आकार घ्यावा. उजवा खांदा वर उचलावा लागत नाही, आणि सप्तकाच्या तारांचा झंकारही खर्जात बुडून जात नाही.

आता त्या ३९२ हर्ट्‌झच्या जी तारेकडे येऊ, कारण बारा तारांची गिटार बाळगणाऱ्याची सर्वांत नेहमीची तक्रार तिच्याबद्दलच असते. ती वारंवार तुटते आणि लोक तिच्या बारीकपणाला दोष देतात. वास्तविक साध्या पोलादी तारेच्या प्रत्येक चौरस मिलीमीटरवर येणारा ताण तिच्या जाडीवर अवलंबून नसतो. तो फक्त तिची लांबी, सूर आणि पोलादाची घनता यांवर ठरतो. जाड तार घेतली तर ओढही त्याच प्रमाणात वाढते आणि सुरक्षितता तेवढीच राहते. ही तार बारीक ई तारेपेक्षा तीन अर्धस्वर उंच असते, आणि ताण कंपनसंख्येच्या वर्गाने वाढत असल्यामुळे तिच्यातला ताण ई तारेपेक्षा सुमारे ४१ टक्के अधिक असतो, म्हणजे पोलादाच्या सहनशक्तीच्या बराच जवळ गेलेला असतो.

यावरचा उपाय जुनाच आहे. बारा तारांच्या गिटारवर अमेरिकेत गाजलेला लोकगायक लेड बेली, ज्याचे १९४९ साली निधन झाले, आपली गिटार प्रचलित सुरांच्या बरीच खाली लावत असे. सर्व तारा एका पूर्ण स्वराने खाली, म्हणजे ई ऐवजी डी मध्ये लावल्या, तर एकूण ओढ सुमारे २० टक्क्यांनी घटते आणि ११० किलोचा भार नव्वदीच्या खाली येतो. ज्या गाण्याला मूळ सूर हवा असेल तिथे दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावावा. तारेची लांबी ६४८ ऐवजी ६२८ मिलीमीटर असलेली गिटार मिळाली, तर त्याच सुरात ओढ आणखी ६ टक्क्यांनी कमी होते. दुकानदार नेहमीच्या सुरात लावलेली गिटार हातात देईल. त्याला विनंती करून ती एक स्वर उतरवून पुन्हा वाजवून पाहावी. उतरवल्यावरही जिचा आवाज मोकळा राहतो आणि जिच्या जाड तारा फ्रेटवर खडखडत नाहीत, तिच्याकडे गंभीरपणे पाहावे.

ऐकताना आधी एकेक जोडी ऐकावी. जोडीतली एक तार बोटाने दाबून गप्प करावी, दुसरी फोनवरच्या ट्यूनरने मिळवावी, मग पहिली तिच्याशी कानाने जुळवावी. त्यानंतर तीच जोडी बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवावी. मोकळ्या तारेवर जुळलेली जोडी तिथे बेसूर होत असेल, तर सॅडलची जागा किंवा घडण चुकली आहे. जाड आणि बारीक तारेला सॅडलवर किंचित वेगवेगळी लांबी लागते, आणि एका सरळ सॅडलवर दोघींची तडजोड साधणे हे कारागिराचे कसब असते. तारा जुन्या, गंजलेल्या असतील तर ही परीक्षा व्यर्थ आहे. नव्या संचाचे पैसे देऊन तो चढवून घ्यावा आणि मगच निर्णय करावा.

राहिला प्रश्न आपल्या हवेचा. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. मराठवाड्यात मे महिन्याच्या दुपारी पारा चाळिशीच्या पुढे असताना ती २५ टक्क्यांच्या आसपास उतरते आणि ऑगस्टच्या झडीत ७५ टक्क्यांच्या वर जाते. चारशे मिलीमीटर रुंदीची स्प्रूसची पाटी मोकळी ठेवली, तर एवढ्या फरकात ती रुंदीला चार-पाच मिलीमीटरने कमी-अधिक होऊ शकते. गिटारमध्ये ती चारी बाजूंनी चिकटवलेली असते, म्हणून उन्हाळ्यात ती चिरते किंवा खपाटीला जाते आणि पावसाळ्यात फुगून तारा उचलते. माझ्या पहिल्या बारा तारांच्या गिटारचा ब्रिज पत्र्याच्या खोलीत एका मे महिन्यात मागून सुटला. उष्णतेने गोंद मऊ पडतो आणि क्विंटलभराची ओढ तेवढीच संधी शोधत असते. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत गिटार ठेवणे तर त्याहून वाईट.

आपल्याकडच्या घरोघरच्या कूलरबद्दल येथे सांगायला हवे. पाण्याचा कूलर हवेत ओलावा घालतो आणि त्या अर्थाने कोरड्या उन्हाळ्यात तो गिटारला उपयोगीच आहे, पण थेट झोतात ठेवलेली गिटार दुपारी दमट आणि कूलर बंद झाल्यावर कोरडी अशी रोज हेलकावे खाते. ती कठीण पेटीत, झोतापासून दूर, बाहेरच्या भिंतीला न टेकवता ठेवावी. पेटीत एक छोटा आर्द्रतामापक असावा. उन्हाळ्यात काटा ४० च्या खाली गेला तर छिद्रे पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवावा आणि पावसाळ्यात त्याजागी सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. विकत घेतल्याच्या दिवशी बाराव्या फ्रेटवर मोजलेली उंची पेटीच्या झाकणाच्या आत चिठ्ठीवर लिहून ठेवावी आणि तेच माप मे अखेरीस व ऑगस्ट अखेरीस पुन्हा घ्यावे. अर्ध्या मिलीमीटरहून जास्त फरक दिसला, तर तारा एका स्वराने उतरवून गिटार कारागिराकडे न्यावी.