रिकाम्या सिलिंडरचं वजन

गॅसवाला भरलेलं सिलिंडर दारात आणून ठेवतो, काट्याला लावून वजन दाखवतो आणि रिकामं खांद्यावर टाकून जिना उतरतो. महिना-दीड महिन्यात आतला १४.२ किलो गॅस गेला कुठे, असं कुणी विचारत नाही. ‘जळून गेला’ एवढं उत्तर आपल्याला पुरतं. रसायनशास्त्राला पुरत नाही.

त्या गॅसमध्ये सुमारे पावणेबारा किलो कार्बन असतो. जळताना दर १२ ग्रॅम कार्बनला हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन येऊन चिकटतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हिशेब मांडला तर एका सिलिंडरमागे ४३ किलो! गॅसवाल्याने लोखंडासकट वर चढवलेल्या ओझ्यापेक्षाही हे वजन जास्त, आणि ते आपण स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर सोडलेलं असतं.

१८५६ मध्ये यूनिस फूट नावाच्या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या. कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यांत जास्त तापली आणि उन्हातून काढल्यावर निवायला कितीतरी जास्त वेळ घेऊ लागली. कारखानदारीच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे २८० भाग होते. हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ होते, आता ४२० च्या वर गेलेत.

हवा एक अंश तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. मग पडतो तेव्हा पाऊस कोसळतोच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, कुलाब्याला शंभरीही गाठली नाही. एकट्या त्या दिवसाचं खापर हवामान बदलावर फोडणं घाईचं होईल. पण १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकाच वेळी होणारी अतिवृष्टी तिपटीने वाढल्याचं पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलंय. ते मात्र योगायोग म्हणून झटकता येत नाही.

मग आपण काय करायचं? ‘तासभर दिवे मालवा’ हा निरोप दरवर्षी फिरतो. आपली वीज बहुतांशी कोळशाची, त्यामुळे एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरायला हरकत नाही. ९ वॅटचा एलईडी तासभर बंद ठेवला तर वाचले सहा ग्रॅम. सिलिंडरच्या मापात हे सांगायलाही संकोच वाटतो.

त्यापेक्षा मान वर करून छताकडे बघा. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. रोज पंधरा तास फिरणारा एक पंखा बदलला तर वर्षाला सुमारे १७० किलो वाचतात. म्हणजे चार सिलिंडर.

खरी गंमत एसीत आहे. आमच्या जुन्या एसीत सलग दोन उन्हाळे मेकॅनिक ‘गॅस कमी झालाय’ म्हणून गॅस भरून गेला. मीही मुकाट पैसे दिले. एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. जुन्या एसीतला आर-२२ वायू एक किलो निसटला तर तो सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो, म्हणजे चाळीसहून जास्त सिलिंडरांइतकी! नवा आर-३२ बराच सौम्य, तरी किलोमागे पंधरा-सोळा सिलिंडर आहेतच. तेव्हा मेकॅनिकला आधी गळती शोधायला लावा, सांधा जोडून घ्या, मगच गॅस भरू द्या. हा हट्ट धरायला काही खर्च नाही, फक्त थोडा वाईटपणा घ्यावा लागतो.

कोळशाचं वीजकेंद्र बंद करणं माझ्या हातात नाही, गच्ची मात्र आहे. तीन किलोवॅटचे सौर पॅनल दिवसाला दहा-बारा युनिट सहज देतात आणि घरगुती जोडणीला केंद्राच्या सूर्यघर योजनेत ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. सोसायटीत हा विषय काढला की पहिलं भांडण पैशांवरून होत नाही, सावलीवरून होतं. एखाद्या पॅनलच्या कोपऱ्यावर जरी सावली आली तरी अख्ख्या ओळीची वीज घटू शकते. म्हणून आमचे सेक्रेटरी सध्या दर रविवारी दहा, बारा आणि तीन वाजता गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीची सावली खडूने आखून येतात.